कोर्टाच्या बांधावरचं गवत

३ जुलै

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, वाटणीचं काही नवीन नाही, आणि माफी तर अजिबात मागत नाहीये. तू फोन उचलत नाहीस. पाटाच्या अल्याडून ओरडून बोलायला लागले तर गावाची फुकट करमणूक होईल, म्हणून लिहिते. दूधवाल्या मावशी तुझ्याकडेही येतात, त्यांच्या हाती देते आहे. भाऊजी घरी नसताना द्या असं सांगितलंय.

विषय एकच, बांधावरचं गवत.

तुझ्या आणि माझ्या मक्याच्या मधला जो चार हातांचा पट्टा आहे, ज्याच्यापायी दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, तो जरा नीट बघ. निकाल लागेपर्यंत कोणीही त्यात पाऊल टाकायचं नाही असं कोर्टाने सांगितलं, आणि आपण दोन्ही घरांनी उभ्या जन्मात दुसरं काही पाळलं नाही इतकं ते पाळलं. पण कोर्टाने मज्जाव केला तो आपल्याला, गवताला नाही. तिथे ते कमरेइतकं माजलंय.

लांबून बघशील तर मक्याचेच सांडलेले दाणे उगवलेत असं वाटेल. इतकी वर्षं मका करणारी मी, मीसुद्धा फसले. पान तसंच रुंद, मधली शीर पांढरी, बुडाशी मक्यासारखीच आधाराची मुळं फुटलेली. खोटं कळतं ते जवळ गेल्यावर. पान खोडाला जिथे गुंडाळलेलं असतं तिथे बारीक केस आहेत, काचेच्या कुसळांसारखे. ते टोचतात आणि कातडीत मोडून राहतात. माझी दोन बोटं अजून ठणकताहेत, तेव्हा तू नुसत्या हाताने चाचपून बघायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मक्यावर नेहमीचं तणनाशक मी वेळेवर मारून घेतलं. बाकी सगळं तण पिवळं पडून झोपलं. हे मात्र अंघोळ करून उठल्यासारखं टवटवीत.

शेती कॉलेजातल्या बाईंना बोलावून दाखवलं. त्या तणांचाच अभ्यास करतात, मी त्यांना गवतबाई म्हणते आणि त्यांना ते आवडतं. त्या म्हणाल्या, "काकू, याला तुरा आला की पंचाईत. तुरा म्हणजे नुसती कांडी एकावर एक रचलेली. प्रत्येक कांड्यात एक बी. सगळ्यात वरचं आधी पिकतं आणि सुटून खाली पडतं, मग त्याच्या खालचं. तुमचा मका काढायला येईपर्यंत हे आपलं सगळं पेरून मोकळं झालेलं असतं. पडलेलं बी एकदम उगवत नाही, थोडं थोडं उगवतं, तीन-चार वर्षं. म्हणून तुरा यायच्या आत काढा."

टेकडीपलीकडच्या विहीरवाल्यांचं रान तुला माहीतच आहे. त्यांनी हसण्यावारी नेलं. मका खुजा राहिला, आणि खाजेच्या भीतीने खुरपायला माणूस मिळेना. शेवटी त्यांनी ते रान सोडून दिलं. आपल्या रानांचं तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद खराब करते आहे.

माझ्या बाजूने लांब दांड्याच्या विळ्याने पोचेल तेवढं मी काढते. तुझ्या बाजूचं तू काढ. हे म्हणतात, "तिला म्हणावं, गवत काढलं म्हणून कोर्ट कोणाला फासावर देत नाही." बाकी आमच्याकडे सगळं ठीक.

थोरली


१६ जुलै

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. बियाण्याच्या पाकिटाच्या पाठीवर का होईना, लिहिलंस. "काढते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. दादा बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत, बरे आहेत ना?" तीन वाक्यं. पूर्वी तू मला मीठ कुठे आहे हे विचारायलासुद्धा याहून जास्त बोलायचीस.

दादा ठणठणीत आहेत. डोळ्यांचं काम करून घेतलं लेकीकडे शहरात, तेव्हापासून उन्हात जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून दिसत नाहीत. कालच म्हणत होते, "धाकटीचा हात अजून चलाख आहे, बघ कसा पट्टा साफ केला."

आता रागवायचं ते रागावून घेते. तुझ्या बाजूचा पट्टा साफ केलास खरा, पण उपटलेलं सगळं बांधावरच रचून ठेवलंस! माझ्या खिडकीतून तो ढीग दिसतो. मला माहीत आहे हे कुठून आलं. तू नवी या घरात आलीस तेव्हा खुरपं उलटं धरायचीस. तुला सासूबाईंच्या नजरेआड नेऊन ओळ कशी धरायची, तण मुळासकट कसं ओढायचं आणि मागे फेकत फेकत बांधावर ढीग कसा घालायचा, हे मीच शिकवलं. आपल्या घरची रीत तीच. ढीग वाळतो, मग गाईपुढे जातो, आणि आपण हात झटकून मोकळ्या.

या गवताला ती रीत चालत नाही, धाकटे. ओल मिळाली की उपटलेल्या ताटाच्या पेरापेरातून पुन्हा मुळं फुटतात. तुझ्या ढिगातली खालची ताटं आत्ताच जमीन धरून बसली असतील, उचलून बघ. आणि काही ताटांना तुरा डोकावायला लागला होता, तो ढिगात बसल्या बसल्या पुढे सरकतो. गाईला घालू नकोस. पाटाच्या पाण्यात तर मुळीच सोडू नकोस, नाहीतर खालच्या सगळ्या रानांना आपला आहेर पोचेल. पोत्यात भर, पोत्याचं तोंड बांध, आणि घराच्या मागच्या फरशीवर वाळवून जाळून टाक.

आणि हातमोजे घाल. मावशींकडे एक जोड देते आहे. ते ह्यांचेच आहेत. त्यांना सध्या लागत नाहीत.

तुझ्या बाजूची मक्याची कडेची ओळ मात्र सुरेख आली आहे. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं.

थोरली


३१ जुलै

धाकटे,

मावशींकडून सगळं कळलं. त्यांच्या पोटात एरवी गोष्टी राहतात, पण तुझे तळवे बघून त्यांना राहवलं नाही. इतके सुजलेत की जेवणाचं ताट धरता येत नाही, म्हणाल्या. मोजे का नाही घातलेस? दादांचे आहेत म्हणून? आमच्या घरची वस्तू नको म्हणून? तेलाचा हात लावून, चिकटपट्टी लावून ओढलीस तर काही केस निघतील. बाकीचे हळूहळू जातील.

भाऊजींनी तळवे बघितले, विचारलं, आणि तू सांगितलंस. खोटं बोलायला तू कधी शिकलीच नाहीस. आणि त्यांनी काय केलं, तर पट्ट्याच्या चारी बाजूंनी काटेरी तार ठोकली! तीन पदरी! त्यांना वाटलं असेल, आम्ही गवताचं निमित्त करून पट्ट्यात शिरतोय. उद्या कोर्टात म्हणू, बघा, ताबा आमचा. काय हे डोकं. लहानपणापासून असंच आहे म्हणे, एखादं खेळणं हरवलं तर भाऊजी आधी दादांच्या खिशात हात घालायचे.

हे म्हणतात

नाही, राहू दे. ते काही म्हणत नाहीत.

तारेच्या आत मधोमध जो पुंजका राहिलाय त्याला तुरे आलेत. माझा विळा तिथपर्यंत पोचत नाही. परवा दंताळ्याला दोरी बांधून ओढायला गेले, तारेत पदर अडकला आणि आडवी झाले. लागलं फारसं नाही. पण उठता येईना म्हणून तशीच पडून राहिले पाटाच्या कडेला, आणि मनात एकच, की घरात ह्यांना कुशीवर वळवायची वेळ झालीय. शेवटी दूधवाल्या मावशींनीच हात दिला.

हे वाचून सोडून दे. उगाच लिहिलं गेलं.

तू भाऊजींना समजाव. कोर्टाच्या नावाने शपथ घालायची तर मीही घालीन की मला त्या पट्ट्यातला मातीचा कणसुद्धा नको. फक्त तार उघडून ते गवत काढू देत. मी नको तर तू, तू नको तर मजूर लावा. तुरे अजून हिरवे आहेत. पिवळे पडायला लागले की हाती काही राहायचं नाही.

थोरली


९ ऑगस्ट

धाकटे,

आज तारेतून हात घालून एक तुरा कसाबसा ओढला. हातात येईपर्यंत वरची कांडी सुटून पडली सुद्धा. खाली बघितलं तर आधीचीही पडलेली होती, तांदळासारखी पण जाड, करड्या रंगाची. सुरुवात झाली.

भाऊजी तुझं ऐकत नाहीत हे मावशींनी सांगितलं. माझं ते ऐकणारच नाहीत. आता मला एकच गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मी इतके दिवस दाबून धरली होती.

तुझ्या दादांना फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. आम्ही लेकीकडे गेलो होतो. ते दारात बसून बुटाची नाडी बांधत होते, बांधता बांधता एका बाजूला कलले. मला वाटलं नाडी सापडत नाही. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळ्यांचं काम वगैरे काही नव्हतं. लेकीकडेच होतो जूनपर्यंत, मग बंद गाडीतून त्यांना घरी आणलं. मागच्या खोलीत असतात. मावशींना माहीत आहे, लेकीला आणि गवतबाईंना माहीत आहे. भाऊजींना कळू द्यायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

हे म्हणतात, हे म्हणतात, असं मी जे जे लिहिलं ते सगळं माझं होतं. ते काहीच म्हणत नाहीत. म्हणत असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहीत गेले. खरं सांगू? लिहिताना बरं वाटायचं. घरात दोघंजण बोलताहेत असं वाटायचं.

का सांगितलं नाही ते तू ओळखलं असशील. वाटणीच्या दिवशी भाऊजी पायरी उतरताना म्हणाले, "मेलो तरी तुझ्या दारात येणार नाही." त्यावर हे सगळ्यांदेखत मला म्हणाले, "आणि मी मेलो तरी याला कळवायचं नाही. शब्द दे." मी दिला. रागात घेतलेला शब्द महिन्याभरात आपणच परत करतील असं मी धरून चालले होते. एरवी ह्यांचा राग दुधासारखा, वर येतो आणि बसतो. पण आता ज्याने शब्द घेतला त्याच्या तोंडात शब्दच राहिला नाही. मी रोज विचारते, "भाऊजींना सांगू?" ते डोळे मिटतात. त्याचा अर्थ हो धरायचा की नाही, की नुसता थकवा? कधीकधी एका डोळ्यातून पाणी येतं. पण ह्यांचे हातपाय हलवून घ्यायला येणाऱ्या व्यायामवाल्या बाई म्हणतात की ते आजारानेच येतं, त्यात काही वाचू नका.

तेव्हा आता विचारणं बंद. मी शब्द मोडते आहे आणि तो माझ्या डोक्यावर घेऊन मोडते आहे. तू भाऊजींना सांग.

गवतासाठी ही नवऱ्याचं दुखणं पुढे करते आहे, असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटतं. सकाळपासून कागद पुढे घेऊन बसले ते याच विचाराने. तुरे गळायला लागले नसते तर मी आणखी किती दिवस गप्प राहिले असते कोण जाणे. कदाचित शेवटपर्यंत. तेवढं तरी या गवताने माझ्यावर उपकार केले म्हणायचे.

भाऊजींनी इथे यावं असं मी म्हणत नाही. नुसती तार उघडावी.

थोरली


२८ ऑगस्ट

धाकटे,

पत्र पाठवू नका, असा तुझा निरोप भाऊजींनी दिला. मान खाली घालून दिला बिचाऱ्यांनी. तरी लिहिते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

ते आले त्या दुपारचं तुला त्यांनी सांगितलंच असेल, पण ते काय अर्धवट सांगणार. मी सांगते. मी अंगणात होते. पाटापलीकडे भाऊजी पक्कड घेऊन आले आणि तार तोडायला लागले. मला वाटलं आता गवत काढतील. पण त्यांनी गवताकडे बघितलं सुद्धा नाही. तार वाकवून सरळ त्या तुऱ्यांमधून चालत, पाट ओलांडून, माझ्या मक्याची ओळ मोडत घराकडे. अंगाला गवत घासतंय, कांडी सटासट गळताहेत, भाऊजींना शुद्ध नाही.

आणि मी इतक्या दिवसांनी दाराशी आलेल्या दिराला काय म्हणाले असेन? "भाऊजी, थांबा तिथेच! बूट काढा! पँटची घडी सोडा आधी!" माणूस रडवेला होऊन उंबऱ्यापाशी उभा आणि मी त्याच्या पायाखाली जुनी चादर अंथरतेय. घडीतून, बुटातून, मोज्यातून कांडी पडली. त्यांनी निमूट सगळं झटकलं, लहान मुलासारखे हात वर करून फिरून दाखवलं, आणि मग विचारलं, "वहिनी, आता जाऊ आत?"

आत गेले. ह्यांना उशीला टेकवून बसवलेलं होतं. भाऊजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "दादा."

ह्यांचं तोंड वाकडं झालं, गालाची शीर उडायला लागली, मला वाटलं पुन्हा झटका. आणि एकदम स्वच्छ, जुन्या आवाजात, "गाढवा."

भाऊजी मटकन खाली बसले. "अजून एकदा म्हण," म्हणाले. हे पुन्हा म्हणाले. मग दोघंही रडत होते की हसत होते मला सांगता येत नाही. मी बाहेर आले.

व्यायामवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिव्या, रागाचे शब्द मेंदूत वेगळ्या जागी राहतात, बोलणं गेलं तरी कधीकधी तेवढे शिल्लक राहतात. वाचा परत आली असं समजू नका. म्हणजे ही सुधारणा नव्हे. भाऊजींना मी अजून हे सांगितलेलं नाही. ते रोज येतात, शिवी खातात आणि खुशीत जातात.

गवताचं म्हणशील तर भाऊजींनी सगळं काढून पोत्यात भरलं, हातमोजे घालून. पण गळायचं ते गळून गेलं होतं, आणि त्यांच्या त्या चालण्याने माझ्या मक्यातसुद्धा पेरून झालं. गवतबाई म्हणाल्या, खोल नांगरू नका, बी खाली गाडलं तर जास्त टिकतं, वरच राहू द्या. उगवेल तसं कोवळं असताना खुरपायचं. तुरा एकाही ताटाला येऊ द्यायचा नाही. काही वर्षं दोन्ही रानांतून ओळीने फिरावं लागेल, आणि एका घराने फिरून उपयोग नाही. कोर्टाची तारीख आहे तशीच आहे. त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

आता तुझं. तू का येत नाहीस ते मला कळतं. भाऊजींनी मला कधी विचारलं नव्हतं, तेव्हा त्यांना मी नुसतं सांगितलं नाही. पण तू विचारलं होतंस. पाकिटाच्या पाठीवर, सरळ, "दादा बरे आहेत ना?" विचारणारी तू एकटीच होतीस, आणि मी "ठणठणीत" लिहिलं. वर त्यांच्या तोंडून तुझं कौतुकही करवलं. ते कौतुक माझं होतं, ते मात्र खरं धर.

आणखी एक आहे, ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. फेब्रुवारीपासून मी ह्यांना न्हाऊ घालते, घास भरवते, कुशीवर वळवते. दिवसभर त्यांच्याशी बोलते, एकटीच. एक शब्द ऐकायला जीव टांगून बसले होते. कुठलाही चालला असता. आणि तो आला तो भावाला बघून. मी बाहेर आले ते त्यांना मोकळं रडू द्यावं म्हणून नाही. मला राग आला म्हणून आले. मोरीत जाऊन रडले. त्यानंतर दोनदा मी मुद्दाम खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, भाऊजी उभे राहिले तिथेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले. काही नाही.

लेकीला सांगितलं तर ती माझी समजूत घालेल. भाऊजींना सांगितलं तर ते यायचे बंद होतील. मला समजूत नको आहे, धाकटे. तू समजूत घालणार नाहीस. तू कमरेवर हात ठेवून म्हणशील, "बरं झालं, चांगली खोड मोडली." तेवढं म्हणायला ये.

थोरली